दर ख्रिसमसला एक ठरलेलं गिफ्ट, पण कुठलं?

डिसेंबरच्या अंकासाठी आलेल्या पत्रांमध्ये यावेळी एकच विषय पुन्हा पुन्हा आलाय. लहान मुलाला दर ख्रिसमसला काहीतरी ठरलेलं द्यायचं, जे वर्षानुवर्षं चालू राहील, ते नेमकं काय असावं? त्यातली चार पत्रं घेतलीयेत. पहिल्याला उत्तर मोठं दिलंय, कारण बाकीच्यांचे अर्धे प्रश्न त्यातच सुटतात.

प्रश्न: ताई, आमची मुलगी अडीच वर्षांची आहे. मागच्या ख्रिसमसला तिला नुसता कागद फाडण्यात मजा येत होती, पण आता तिला झाड, लाइट्स, सांता सगळं कळायला लागलंय. दरवर्षी तिला एक ठरलेली वस्तू द्यावी आणि ती मोठी झाल्यावर पण तिच्याकडे राहावी असं मला फार वाटतं. मला झाडावर लावायचं ऑर्नामेंट आवडतं, नवरा म्हणतो त्याच्याशी ती खेळणार कशी, त्यापेक्षा दरवर्षी ट्रेनच्या सेटचा एकेक भाग देऊ, आणि सासूबाई म्हणतात पुस्तक द्या. घर लहान, सामान आधीच जास्त, आणि एकदा सुरू केलं की पुढची पंधरा-वीस वर्षं निभवायला पण पाहिजे ना. काय ठरवू?

उत्तर: तुमच्या घरात कोणाचंच चुकत नाहीये, फक्त नवरा आजच्या मुलीचा विचार करतोय आणि तुम्ही वीस वर्षांनंतरच्या. खेळणं तिला मिळणारच आहे, ते या ख्रिसमसला नाही तर वाढदिवसाला मिळेल. दरवर्षीची ठरलेली वस्तू ही वेगळी गोष्ट आहे, ती खेळण्याच्या मापाने मोजली की सगळा घोळ होतो.

निवडताना मी एकच प्रश्न विचारायला सांगेन. घरातलं सगळ्यात वाईट वर्ष डोळ्यासमोर आणा, कोणीतरी आजारी आहे, नोकरी गेलीये, नाहीतर घर बदलताय आणि अर्धं सामान खोक्यात आहे. त्या वर्षी पण ही गोष्ट करता येईल का? येत असेल तर निवडा. नसेल तर कितीही सुंदर असली तरी सोडा, कारण अशा परंपरा आवड संपली म्हणून बंद पडत नाहीत, त्या एखाद्या अवघड वर्षी राहून जातात आणि मग पुढच्या वर्षी "आता काय उपयोग" म्हणून कोणी हातच लावत नाही.

या कसोटीवर ट्रेन जरा डळमळते. सेट दरवर्षी मोठा होतो, जागा खातो, मूल सात-आठ वर्षांचं झालं की त्याचा जीव दुसऱ्या कशात तरी अडकतो, आणि कंपनीने ती सिरीज बंद केली की पुढचा भाग जुळत नाही. जोडत जायचं खेळणंच द्यायचं असेल तर जुनं-नवं जुळणारं बघा. लेगोची आत्ताची वीट १९५८ ची आहे आणि त्या काळातल्या विटा आजच्या विटांना बसतात. लहान मुलांसाठीची डुप्लो लांबी-रुंदी-उंचीला बरोबर दुप्पट, त्यामुळे तीही लेगोच्या विटेवर बसते. म्हणजे अडीच वर्षांच्या मुलीला आज डुप्लो दिलं तर ते पुढे वाया जात नाही. हे नवऱ्याला सांगा, पण ते त्याचं आणि तिचं वेगळं गिफ्ट असू दे.

पुस्तकाला माझा विरोध मुळीच नाही. आइसलँडमध्ये तर २४ डिसेंबरच्या संध्याकाळी एकमेकांना पुस्तकं द्यायची पद्धतच आहे, तिथे वर्षातली बरीचशी नवी पुस्तकं ख्रिसमसच्या आधीच्या महिन्यांत येतात आणि त्यांचा कॅटलॉग फुकट मिळतो. हे सुरू झालं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, तेव्हा बाकीच्या आयात मालावर निर्बंध जास्त होते आणि कागदावर त्यामानाने कमी. तर पुस्तक हे सासूबाईंचं होऊन जाऊ दे. पहिल्या पानावर आजीने स्वतःच्या हाताने वर्ष आणि दोन ओळी लिहायच्या, टाइप करून चिकटवायच्या नाहीत. आजीचं अक्षर हीच त्यातली मोठी गोष्ट आहे, पुस्तक कदाचित पुन्हा मिळेल, ते अक्षर मिळणार नाही.

आणि तुमच्यासाठी ऑर्नामेंट. मी त्याच्या बाजूने का आहे सांगते. एक तर ते लहान असतं, अठरा वर्षांची अठरा ऑर्नामेंट्स बुटांच्या एक-दोन खोक्यांत बसतात. दुसरं म्हणजे ते अकरा महिने आत असतं. खेळणं रोज डोळ्यासमोर असतं म्हणून दिसेनासं होतं, पुस्तक कपाटात जातं, पण ऑर्नामेंटचं खोकं वर्षातून एकदाच उघडतं आणि त्यावेळी प्रत्येक गोष्ट हातात घेऊन, कागद सोडून, "हे कधीचं गं?" असं विचारूनच लावावी लागते. म्हणजे आठवण काढायला वेगळा कार्यक्रम करावाच लागत नाही. वर्षागणिक एक वस्तू ही कल्पना काही नवीन पण नाही. डेन्मार्कच्या बिंग अँड ग्रोन्डाल या कंपनीने १८९५ साली त्या वर्षाचा आकडा घातलेली निळी-पांढरी ख्रिसमस प्लेट काढली आणि पुढे दरवर्षी नवीन चित्राची प्लेट काढत राहिली. अमेरिकेत हॉलमार्कने १९७३ पासून दरवर्षीची ऑर्नामेंट्स काढायला सुरुवात केली. लोकांनी ती सांभाळून ठेवली यामागे मोठं कारण तो वर्षाचा आकडाच आहे. तो नसेल तर पाच वर्षांनी तुम्हालाच आठवणार नाही कुठलं कधीचं.

आता काय निवडायचं? दुकानातलं सगळ्यात सुंदर नको, त्या वर्षीचं तिचं वेड शोधा. या वर्षी ट्रेन ट्रेन करत असेल तर ट्रेनचं ऑर्नामेंट (बघा, नवऱ्याचं पण झालं), पुढच्या वर्षी मांजर, मग डायनासोर, मग कदाचित फुटबॉल. बाराव्या-तेराव्या वर्षी ती म्हणेल मला काही नको, तेव्हा तिला चिडवू नका, ती ज्या गोष्टीत बुडालेली असेल त्यातलं साधंसं काहीतरी घ्या. अशा अठरा गोष्टी एका झाडावर लागल्या की तिचं अख्खं बालपण क्रमाने वाचता येतं. मॅचिंग सेट घेऊन हे कधी होणार नाही, आणि झाड मासिकातल्या फोटोसारखं दिसावं हा हट्ट यासाठी सोडावा लागेल, तो खुशाल सोडा.

आज ती अडीच वर्षांची आहे म्हणून तुम्ही निवडा, पण चौथ्या वर्षापासून दोन-तीन समोर ठेवून तिला निवडू द्या. बऱ्याच मोठ्या माणसांची पहिली आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांची असते, त्याच्या आधीचं सहसा टिकत नाही, त्यामुळे या वर्षीचं तिला आठवणार नाहीये हे धरूनच चला. म्हणूनच या पहिल्या एक-दोन वर्षांच्या गोष्टींवर सगळ्यात जास्त लिहून ठेवायला पाहिजे, कारण त्यांचे साक्षीदार फक्त तुम्ही आहात.

लिहायचं कसं तेही सांगते, कारण इथे बरंच काही वाया जातं. लाकडाचं असेल तर मागच्या सपाट बाजूला बारीक पेन्सिलने वर्ष, तिचं वय आणि चार शब्द, आणि वरून पारदर्शक वॉर्निशचा एक पातळ हात. पेन्सिलमधलं ग्रॅफाइट उजेडाने उडत नाही, रंगीत जेल पेन आणि मार्कर उडतात. काच किंवा धातूवर बोटांच्या घामाने साध्या मार्करचं अक्षर पुसतं, तिथे पेंट मार्कर घ्या आणि एक दिवस वाळू द्या. कापडाचं असेल तर आकडा धाग्याने टाका. आणि एक छोटी चिठ्ठी खोक्यातच ठेवा, "हे का घेतलं" एवढंच. "या वर्षी तू प्रत्येक कुत्र्याला काका म्हणायचीस" अशी एक ओळ पुरते, निबंध लिहायला घेतला तर तिसऱ्या वर्षी कंटाळाल.

वेळेचं पण बघा. ऑर्नामेंट २५ तारखेला दिलं तर ते झाडावर जेमतेम काही दिवस राहतं, ६ जानेवारीपर्यंत बरेच जण झाड उतरवतात. ते झाड लावायच्या दिवशीच द्या, ॲडव्हेंटच्या (ख्रिसमसच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारी नाहीतर १ डिसेंबरला, म्हणजे अख्खा महिना मिळेल आणि २५ च्या गिफ्टच्या ढिगात ते हरवणार पण नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी खेळण्यांची तपासणी करताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचा एक नळकांडं वापरतात, त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते असं धरतात. ऑर्नामेंट्स खेळणी नसतात, त्यांना ही तपासणी लागूच होत नाही, म्हणून ती तुम्हाला करायची आहे. काचेचं, बारीक घुंगरू-मणी लावलेलं, आणि मुख्य म्हणजे आतून पेटणारं किंवा गाणं म्हणणारं ऑर्नामेंट आत्ता नकोच. त्यात बटण सेल असतो, आणि तो गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. कधी संशय जरी आला तरी वाट न बघता सरळ हॉस्पिटल. लाकूड, फेल्ट, कापड हे पहिल्या काही वर्षांना छान.

प्रश्न: माझा भाचा चार वर्षांचा आहे आणि मी खूप लांब राहते, ख्रिसमसला भेट होत नाही. दरवर्षी पार्सल पाठवते, पण त्याचे आई-बाबा "अगं किती ते, आम्ही पण तेच घेतलंय" असं म्हणतात. त्याला मावशी म्हणून लक्षात राहील असं दरवर्षी काय देऊ?

उत्तर: पार्सल बंद करा आणि पत्र सुरू करा. तुमच्याकडे जे आहे ते आई-बाबांकडे नाहीये, तुम्ही त्याला वर्षभर रोज बघत नाही म्हणून तुम्हाला त्याच्यातला बदल एकदम दिसतो. तो पकडा.

डिसेंबरच्या सुरुवातीला व्हिडिओ कॉल लावा आणि दरवर्षी तेच ते सात-आठ प्रश्न विचारा. तुझा बेस्ट फ्रेंड कोण, कशाची भीती वाटते, मोठा होऊन काय होणार, आई दिवसभर काय करते, सगळ्यात लांब जागा कुठली, रात्री झोपताना काय घेऊन झोपतोस. उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहा, चुकीचे शब्द सुधारू नका, "आई दिवसभर फोनवर रागावते" म्हणाला तर तसंच लिहा. मग ते एका कागदावर हाताने उतरवून, खाली तुमच्या दोन ओळी घालून पोस्टाने पाठवा. लिफाफा त्याच्या नावाने हवा, आई-बाबांच्या नाही. चार वर्षांच्या पोराला स्वतःच्या नावाचं टपाल येणं हेच केवढं मोठं असतं.

प्रश्न बदलायचा मोह होईल, दोन-तीन वर्षांनी "कशाची भीती वाटते" हे बाळबोध वाटायला लागेल, तरी बदलू नका. चौथ्या वर्षी उत्तर "अंधार" असतं, नवव्या वर्षी "गणिताच्या बाई" आणि पंधराव्या वर्षी कदाचित तो काही सांगणारच नाही, आणि तेव्हा "सांगितलं नाही" हे पण लिहून ठेवायचं. प्रश्न तोच राहिला तरच पोरगं कसं बदलत गेलं ते दिसतं.

टिकण्याचं बघायचं तर ॲसिड-फ्री कागद घ्या, स्टेशनरीवाल्याकडे ड्रॉइंगच्या कागदात मिळतो. साधा स्वस्त कागद पिवळा पडून कडक होतो. लिहायला पेन्सिल किंवा पिगमेंट शाईचं पेन. त्याचा त्या वर्षीचा एक फोटो प्रिंट करून मागे तारीख टाका, आणि सगळ्याचा एक स्कॅन तुमच्याकडे ठेवा, लांबचं टपाल कधी हरवतंही. त्याच्या आईला पहिल्याच वर्षी एक फाइल पाठवून द्या आणि सांगा की सगळी पत्रं यातच लावायची. हे सांगितलं नाहीत तर तिसरं पत्र ड्रॉवरमध्ये आणि चौथं कुठे ते कोणालाच माहीत नाही, असं होतं. वस्तू पाठवायचीच असेल तर पत्रासोबत एखादं पातळ पुस्तक, बास.

प्रश्न: ताई नमस्कार, मी दोन मुलांचा बाबा. मोठा सात वर्षांचा, धाकटी एक वर्षाची. धाकटीच्या पहिल्या ख्रिसमसला बायकोने ऑर्नामेंट घेतलं, तेव्हा मोठा म्हणाला "माझं पहिलं कुठंय?" आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. आता त्याच्यासाठी मागच्या सगळ्या वर्षांची एकदम विकत घ्यावी का?

उत्तर: विकत नका घेऊ. मुलं मोजतात, हे खरं आहे, आणि धाकटीच्या खोक्यात त्याच्यापेक्षा जास्त निघाली तर त्याला ते वीस वर्षांचा झाल्यावर पण कळेल, म्हणून मोकळी वर्षं भरायलाच पाहिजेत. पण आज दुकानातून आणून त्यावर जुनं वर्ष टाकलं तर ते खोटं होईल आणि सात वर्षांच्या मुलाला ते बरोबर समजतं.

जे खरंच त्या वर्षाचं आहे त्याच्यातून बनवा. घरात शोधलंत की सापडेल: पहिल्या वर्षाचं टोपडं नाहीतर मोजा, त्याचा एक तुकडा कापून लाकडाच्या छोट्या रिंगमध्ये ताणून बसवा. एका वर्षाचं त्याने काढलेलं चित्र लहान करून प्रिंट करा. शाळेच्या पहिल्या वर्षाच्या आयकार्डवरचा फोटो. हॉस्पिटलचा हातातला पट्टा असेल तर तो पारदर्शक गोळ्यात घालता येतो. मागे दोन्ही तारखा लिहा, वस्तू कधीची आणि ऑर्नामेंट कधी केलं ते. आणि हे त्याला बाजूला बसवून, त्याच्याबरोबर करा, एका रविवारी सगळी नाही झाली तरी चालतील, दर आठवड्याला एक करा. प्रत्येक वस्तू हातात घेऊन त्याला ती गोष्ट सांगा. मला विचाराल तर धाकटीला दुकानातून मिळालं त्यापेक्षा हे जास्त आहे, आणि तो ते पुढे तिला ऐकवणार पण.

धाकटीच्या हाताचा ठसा घ्यायचा असेल तर मिठाच्या पिठात घ्या: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाणी एक वाटीपर्यंत पण हळूहळू घालत, पीठ चिकट नको. साधारण एक सेंटीमीटर जाड लाटून ठसा घ्या, वर स्ट्रॉने दोरीचं भोक पाडा, आणि ओव्हनमध्ये १०० अंशांच्या आसपास दोन-तीन तास नुसतं वाळवा, जास्त तापलं की फुगून ठसा मोडतो. पूर्ण गार झाल्यावर पुढून, मागून आणि कडांना वॉर्निश लावा, भोकाच्या आतून सुद्धा, नाहीतर मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि दोन वर्षांत ते मऊ पडून तुटतं. घरात कुत्रा असेल तर हे झाडाच्या खालच्या फांदीवर लावू नका, एवढं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

दोघांचं मिळून एक काही हवं असेल तर येशूजन्माचा देखावा एकेका मूर्तीने जमवत जा. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने खरे बैल-गाढव आणून असा देखावा उभा केला होता असं त्याच्या चरित्रात आहे, आणि घराघरातला छोटा देखावा त्याच वळणावरचा. पहिल्या वर्षी बाळ, मरिया आणि योसेफ एकत्रच घ्या, नुसतं एकटं बाळ बघून मुलं हिरमुसतात, मग बैल, गाढव, मेंढपाळ, देवदूत, आणि शेवटी तीन ज्ञानी पुरुष. ते दरवर्षी खोलीच्या लांबच्या टोकापासून रोज थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला (ते बाळाजवळ पोचल्याचा सण) पोचवायचे, हे काम मोठ्याला द्या. याला शेवट आहे, दहा-बारा वर्षांत पूर्ण होतो, आणि काही घरांना तेच बरं पडतं. फक्त पहिल्या दिवशीच माप ठरवा, नाहीतर मेंढी बैलापेक्षा मोठी निघते.

प्रश्न: दरवर्षीचं हे ठरलेलं गिफ्ट सांताच्या नावाने द्यावं की आमच्या? आणि ते "एक हवं असलेलं, एक गरजेचं, एक घालायला, एक वाचायला" असं चार गिफ्टचं जे म्हणतात ते चांगलं आहे का? मुलगा पाच वर्षांचा आहे.

उत्तर: तुमच्या नावाने. सांता आठव्या-नवव्या वर्षाच्या आसपास बऱ्याच घरांतून जातो, आणि परंपरा त्याच्या नावावर असेल तर ती पण त्याच दिवशी प्रश्नात येते. शिवाय सांताचं म्हणून तुम्ही अक्षर बदलून लिहाल, आणि पुढे त्या मुलाला तुमचंच अक्षर हवं असणार आहे. सांताकडून एखादं खेळणं येऊ दे, हे मात्र आई-बाबांकडून.

चार गिफ्टचा नियम घरात ढीग होऊ नये म्हणून चांगला आहे, मोठ्यांचे हात आवरतात त्याने. पण पाच वर्षांच्या मुलाला "गरजेचं" म्हणून मोजे गुंडाळून देण्यात मला अर्थ वाटत नाही, मोजे तुम्ही तसेही घेणारच होतात. ती जागा रिकामी करा आणि तिथे एक करायची गोष्ट ठेवा, बाबांबरोबर एक रात्र घरातच तंबू लावून झोपणं किंवा असंच काही, कार्डवर लिहून, तारखेसकट. तारीख नसेल तर ते होत नाही, आणि मूल विचारत राहतं. तारीख जानेवारीतलीच टाका.